गणितातला चालक आणि गीतेतला कर्ता

रस्त्यावरची वाहतूक संगणकावर उभी करायची, म्हणजे तिचे सिम्युलेशन करायचे, तर आधी रस्त्याची मापे भरावी लागतात, मग वाहनांची, आणि शेवटी त्या वाहनांवर बसलेल्या माणसांची. पहिली दोन कामे टेपने आणि कॅमेऱ्याने भागतात. तिसऱ्यासाठी माणसाच्या वागण्याचे नियम लिहावे लागतात: तो वेग कधी वाढवील, ब्रेक कधी दाबील, केवढी फट दिसली की गाडी घालील. असे नियम लिहिता येतात आणि त्यांतून पडद्यावर तयार होणारी कोंडी खऱ्या कोंडीशी पुष्कळ जुळते, हे गेल्या सत्तर वर्षांत वारंवार दिसले आहे. यातून एक जुना प्रश्न पुन्हा समोर येतो. माणसाचे वागणे सूत्रात बसत असेल, तर त्या वागण्याचा कर्ता कोण? भारतीय विचारात दैव आणि पुरुषकार (माणसाचा प्रयत्न) या नावाने हा वाद फार दिवस चालला आहे. मराठवाड्यातल्या रस्त्यांवर तो अगदी रोजच्या रूपात पाहता येतो.

चालकाच्या वागण्याची सुरुवातीची गणिते 1950 च्या दशकात अमेरिकेत मांडली गेली. मागचा चालक पुढच्या गाडीच्या वेगातला फरक पाहतो आणि थोड्या उशिराने त्याला प्रतिसाद देतो, एवढीच त्यांची कल्पना होती. 1974 मध्ये जर्मनीतल्या कार्ल्सरूह येथे वीडेमान यांनी त्यात आकलनाचे उंबरठे आणले: अंतरातला फरक जाणवण्याइतका मोठा होईपर्यंत चालक काहीच करत नाही. 1981 मध्ये गिप्स यांनी सुरक्षित वेगाचे सूत्र दिले. 1992 मध्ये नागेल आणि श्रेकेनबर्ग यांनी रस्त्याची साडेसात मीटरची घरे पाडून प्रत्येक सेकंदाला वाहनाला घरे पुढे सरकवली, आणि मधूनच एखाद्या चालकाला विनाकारण वेग कमी करायला लावले. त्या विनाकारण मंदावण्यामुळेच मोकळ्या रस्त्यावर आपोआप कोंडी तयार होताना दिसली. या सगळ्यांचे गृहीतक एकच आहे. रस्त्याला लेन असते, आणि प्रत्येकाच्या पुढे एकच वाहन असते.

लातूरच्या गंजगोलाईत हे गृहीतक उभे राहत नाही. नगररचनाकार फय्याजुद्दीन यांच्या आराखड्यातून आकाराला आलेली, 1917 सालची ही गोल दुमजली बाजारपेठ. मध्यभागी अंबाबाईचे मंदिर आणि भोवताली सोळा रस्ते, त्यांतला प्रत्येक आपापल्या मालाचा: कुठे सराफा, कुठे चपला, कुठे मिरची आणि गूळ. बाजाराच्या वेळी तिथे पोत्यांनी लादलेली हातगाडी येते. तिला ब्रेक नसतो. हमाल पाय रोवून, अंग मागे टाकून ती आवरतो आणि तोंडाने “ओ, सरका सरका” म्हणत वाट करतो. तिच्या डाव्या अंगाने क्लासला निघालेल्या दोन मुलींची स्कूटी सुटते. उजवीकडून ऑटोवाला हात बाहेर काढून चाक पुढे घालतो आणि हात दाखवला म्हणजे हक्क मिळाला असे धरून चालतो. टेम्पोवाला नुसता हॉर्न वाजवून उभा राहतो, कारण त्याला ठाऊक असते की शेवटी सगळे त्याच्याच आकाराला वाट देणार आहेत. स्कूटीच्या पुढचे वाहन कोणते, हे इथे कुणी सांगू शकत नाही. अर्धे पुढे आहे, अर्धे बाजूला, आणि एक उलटे येते आहे.

भारतीय अभियंत्यांनी ही अडचण आधी आकड्यांत पकडली. इंडियन रोड्स काँग्रेसच्या 1990 च्या शहरी रस्त्यांसाठीच्या मार्गदर्शिकेत प्रत्येक वाहन मोटारीच्या पटीत मोजले आहे: दुचाकी अर्धी ते पाऊण मोटार, हातगाडी दोन ते तीन, ट्रॅक्टर-ट्रॉली चार ते पाच. ग्रामीण रस्त्यांच्या त्याच वर्षीच्या मार्गदर्शिकेत मोठी बैलगाडी आठ मोटारींइतकी धरली आहे. (ती जागा किती अडवते एवढाच हा हिशेब आहे; आठ मोटारी आपल्याला किती अडवतात, हे गाडीवानाला कुणी विचारलेले नाही.) पुढे 2005 मध्ये मद्रास आयआयटीतल्या अरसन आणि कोशी यांनी लेन नसलेल्या रस्त्याचे मॉडेल मांडले. मुंबई आयआयटीत टॉम मॅथ्यू आणि सहकाऱ्यांनी रस्त्याचे लांबीच्या दिशेने अरुंद पट्टे केले. मोटार एका वेळी अनेक पट्टे व्यापते, दुचाकी थोडे, आणि दुचाकी एक-दोन पट्टे बाजूला सरकत सिग्नलच्या तोंडापर्यंत झिरपत जाते. या मॉडेलांत चालक रस्त्यावर पाऊल टाकतो त्याच क्षणी संगणक त्याला त्याचा स्वभाव देतो: त्याला हवा असलेला वेग, प्रतिसादाला लागणारा वेळ, धाडस. त्या स्वभावासह तो रस्ता संपेपर्यंत वागतो. प्रारब्धाची कल्पना ज्याने लहानपणापासून ऐकली आहे, त्याला हे ओळखीचे वाटल्यावाचून राहत नाही.

गीतेच्या अठराव्या अध्यायात कर्म घडण्याची पाच कारणे सांगितली आहेत: अधिष्ठान, कर्ता, निरनिराळी करणे म्हणजे साधने, वेगवेगळ्या चेष्टा आणि पाचवे दैव. यांचा अर्थ सगळे भाष्यकार सारखा लावत नाहीत. शंकराचार्यांच्या मते अधिष्ठान म्हणजे शरीर आणि दैव म्हणजे डोळ्यांसारख्या इंद्रियांना साहाय्य करणाऱ्या सूर्यादी देवता. ज्ञानेश्वरांची मांडणीही याच वळणाची आहे. रामानुजांना दैव म्हणजे अंतर्यामी परमात्मा. ज्यांचे नाव नांदेडच्या शेष घराण्याशी जोडले जाते त्या वामन पंडितांनीही ‘यथार्थदीपिके’त गीतेवर विस्तृत टीका लिहिली आहे. यांपैकी कुणाच्या मनात वाहतूक नव्हती, आणि प्राचीनांना सगळे आधीच ठाऊक होते असा दावा करण्याचे कारण नाही. पण पाच कारणांची ही चौकट शरीराबाहेरच्या कर्माला लावून पाहिली, तर तिच्यात बरेच काही नीट बसते.

लातूर-नांदेड रस्त्यावर चाकूर, अहमदपूर, लोहा ही गावे लागतात. उसाच्या हंगामात रात्री या भागात दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर चालतात. ट्रॉलीबाहेर ऊस लोंबत असतो. मागे दिवा नसतो, असला तर उसाने झाकलेला असतो. मागून मोटारसायकलवर कुणी येतो. समोरून ट्रक येतो आणि डिपर देत नाही. त्या झोतात मोटारसायकलस्वाराला दोन सेकंद काही दिसत नाही. साईडपट्टी खचलेली असते, म्हणून डावीकडे उतरायची सोय नसते. इथे रस्ता आणि त्याची खचलेली कड हे अधिष्ठान. स्वार हा कर्ता. त्याचा हेडलाइट, ब्रेक आणि दिपलेले डोळे ही करणे. ट्रक, ट्रॅक्टर आणि मोटारसायकल या तिघांच्या हालचाली म्हणजे चेष्टा. या चार गोष्टींची गोळाबेरीज करूनही जे उरते, ट्रक त्याच वळणावर त्याच क्षणी येणे, ते दैव. सिम्युलेशन लिहिणारा अभियंता नेमक्या याच पाच जागा भरत असतो, फक्त पाचव्या जागी तो यादृच्छिक संख्या घालतो.

गीतेच्या याच अध्यायात पुढे म्हटले आहे की कारणे अशी पाच असताना जो केवळ स्वतःलाच कर्ता समजतो, त्याची बुद्धी संस्कारलेली नाही आणि त्याला खरे दिसत नाही. हे वाक्य सहसा अहंकाराविरुद्ध वाचले जाते. त्याची उलट बाजू तेवढीच खरी आहे आणि तिच्याकडे दुर्लक्ष होते. पाचांपैकी एकट्या दैवाला कर्ता ठरवणाऱ्यालाही खरे दिसत नाही. अपघातानंतर गावात “त्याची वेळ भरली होती” असे म्हणतात. त्या वाक्यात साईडपट्टी, दिवा आणि डिपर या तिन्हींची सुटका होते.

पाचव्या जागेकडे अधिक बारकाईने पाहायला हवे. संगणकातली यादृच्छिक संख्या खरोखर यादृच्छिक नसते. एका सुरुवातीच्या आकड्यातून ठरलेल्या रीतीने ती एकामागून एक काढली जाते. तोच आकडा पुन्हा दिला, तर सगळी वाहतूक हुबेहूब पुन्हा घडते: तीच स्कूटी, तोच धक्का, तोच क्षण. म्हणून अभियंते वेगवेगळे आकडे देऊन सिम्युलेशन अनेक वेळा चालवतात आणि सरासरी पाहतात. पडद्यावरच्या चालकाच्या बाजूने पाहिले तर ते नशीब आहे. बाहेरून पाहणाऱ्याला ते आधीच ठरलेले असते. योगवासिष्ठाच्या मुमुक्षुव्यवहार प्रकरणात वसिष्ठ रामाला जे सांगतात ते याच्या जवळ जाते. दैव म्हणून वेगळे काही नसते. ते आपलेच पूर्वीचे कर्म. पूर्वीचा आणि आताचा प्रयत्न दोन एडक्यांसारखे झुंजतात आणि बळकट तो जिंकतो. मात्र इथे दोन्हींतला फरकही उघडा पडतो. वसिष्ठांच्या रामाला आजचा प्रयत्न वाढवून कालच्या कर्मावर मात करता येते. पडद्यावरच्या चालकाला असा आज नसतो, कारण त्याचा प्रयत्नसुद्धा त्याच आकड्यातून निघालेला असतो.

मग त्या चालकाला खरी यादृच्छिकता दिली, म्हणजे एखाद्या किरणोत्सारी पदार्थाच्या विघटनावरून संख्या घेतल्या, तर तो स्वतंत्र होईल काय? नाही. फाशावर वागणारा माणूस सूत्रावर वागणाऱ्यापेक्षा अधिक स्वतंत्र नसतो. त्याच्या वागण्यामागे आता सूत्रही उरत नाही, एवढेच. स्वातंत्र्य शोधायचे तर ते ठरलेपण आणि अचानकपणा या दोहोंच्या मधल्या कुठल्या तरी जागी शोधावे लागते. याज्ञवल्क्य स्मृतीत दैव आणि पुरुषकार या दोघांना रथाची दोन चाके मानले आहे, एका चाकावर रथ चालत नाही. ती तोड व्यवहाराला पुरते. चाकांवर बसून वळण घेणारा कोण, हा प्रश्न मात्र तिथे तसाच राहतो.

नांदेडला हा प्रश्न आणखी एका अंगाने येतो. गुरु गोविंदसिंगांनी 1708 मध्ये याच शहरात ग्रंथसाहिबला गुरुगादी दिली, आणि 2008 मध्ये त्या घटनेच्या त्रिशताब्दीच्या निमित्ताने शहराचे रस्ते रुंद झाले. जवाहरलाल नेहरू राष्ट्रीय नागरी पुनरुत्थान योजनेचा पैसा त्यासाठी उपयोगी पडला. शीख विचारात सारे काही ईश्वराच्या हुकमात चालते, आणि ज्याला हुकूम समजला तो ‘मी’ म्हणत नाही. तरीही त्या परंपरेने कष्ट आणि सेवा कधी सोडली नाही. हुकूम म्हणजे हातावर हात ठेवून बसणे, असा अर्थ तिथे लावता येत नाही. रस्ता रुंद झाल्यावर तेच चालक वेगळ्या वेगाने, वेगळ्या अंतराने चालतात. त्यांचा स्वभाव एका रात्रीत बदललेला नसतो, अधिष्ठान बदललेले असते. आपण मनाने ठरवून हळू चालवतो, असे मानणाऱ्या बहुतेकांना त्यांचा हळूपणा खड्ड्यांनी दिलेला असतो.

एकेका माणसाबद्दल काहीही सांगता न येता समूहाबद्दल बरेच अचूक सांगता येते, ही गोष्टही जुनी आहे. कांटने 1784 च्या इतिहासविषयक निबंधात लग्नांचे उदाहरण दिले होते: प्रत्येक लग्न इच्छेने होते, तरी मोठ्या देशातले लग्नांचे वार्षिक आकडे हवामानासारखे नियमित असतात. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार 2022 मध्ये देशात रस्ते अपघातांत 1,68,491 माणसे दगावली. पुढच्या वर्षी हा आकडा कुठल्या पट्ट्यात असेल, हे कुणीही अभ्यासक सांगू शकतो. पण त्यात कोण असेल हे कुणालाच सांगता येत नाही, आणि त्या यादीत जायचे असे कुणी ठरवलेलेही नसते. एवढ्यावरून माणसे बाहुल्या आहेत असे सिद्ध होत नाही. सिम्युलेशनला एकेका माणसाचे ज्ञान असते, हा गैरसमज आहे. त्याला गर्दीची ढब ठाऊक असते, गर्दीतला माणूस नाही. लोकमान्य टिळकांनी 1915 च्या ‘गीतारहस्या’त कर्मविपाक आणि आत्मस्वातंत्र्य यांवर स्वतंत्र प्रकरण लिहिले, त्यामागेही हीच अडचण होती. कर्माची साखळी अखंड मानायची आणि तरी माणसाला उपदेशही करायचा, हे जमवायचे कसे?

याचे एक उत्तर ब्रह्मसूत्रांत आहे. जीव कर्ता आहे असे का मानायचे? कारण तो कर्ता नसेल तर शास्त्रातल्या ‘हे कर, हे करू नकोस’ या वचनांना अर्थच राहत नाही. ही कसोटी पडद्यावरच्या चालकाला लावली की गणित आणि माणूस यांतली सीमा स्पष्ट होते. त्याच्या रस्त्यावर ‘पुढे शाळा आहे, वाहने सावकाश हाका’ असा फलक लावायचा तर फलक रंगवून चालत नाही. त्या जागी त्याच्या वेगाचा आकडा बदलावा लागतो. त्याला सांगता येत नाही, फक्त बदलता येते. गंजगोलाईतल्या ऑटोवाल्याला सांगता येते. तो ऐकेल किंवा न ऐकेल, वर चार शब्द सुनावीलही. पण न ऐकणे ही त्याची कृती असते, आणि तिच्याबद्दल त्याला जाब विचारता येतो.

चुकीच्या बाबतीतही असेच आहे. बहुतेक मॉडेले मुळातच टक्कर होऊ नये अशी बांधलेली असतात. गिप्सच्या सूत्रात तर पुढच्याने कचकन ब्रेक मारला तरी मागच्याला थांबता येईल, एवढाच वेग घेतला जातो. हा चालक पाप करूच शकत नाही, म्हणून त्याच्या पदरी पुण्यही नाही. सुरक्षेचा अभ्यास करायचा तर त्याला चुका शिकवाव्या लागतात: अंतराचा अंदाज चुकवायचा, प्रतिसाद लांबवायचा, लक्ष विचलित करायचे, आणि मग दोन वाहने टकरीपासून किती सेकंद दूर राहिली ते मोजायचे. त्या चुकीचा कर्ता उघडच आकडा भरणारा माणूस असतो. चालकाविना धावणाऱ्या गाड्यांत हे कागदावर न राहता रस्त्यावर येते. केवळ सुरक्षित सूत्रावर चालणारी गाडी गर्दीच्या गोल चौकात जागची हलणार नाही, कारण तिला हवी तेवढी फट कधीच मिळणार नाही. तिला थोडे धाडस द्यावे लागेल, आणि ते किती द्यायचे हे कुणा माणसाला कळफलकावर ठरवावे लागेल.

सिम्युलेशन खऱ्या वागण्यावर बेतलेले असते, यातून आणखी एक पेच निघतो. दुभाजकाला जवळ वाट नसेल तर लोक राँग साईडने येतात. खरे चित्र हवे असेल तर मॉडेलमध्ये राँग साईडने येणारे धरावेच लागतात, आणि मग त्यांना सामावणारा रस्ता आखण्याचा मोह होतो. जे चालते तेच योग्य ठरवायचे काय? मीमांसकांनी आचाराच्या प्रामाण्यावर विचार करताना एक निकष दिला होता. एखाद्या प्रथेमागे लोभासारखा दिसणारा हेतू सापडत असेल, तर ती प्रथा धर्माला प्रमाण धरता येत नाही. मीमांसासूत्रांचे भाष्यकार शबर यांनी त्यासाठी उदाहरण घेतले ते यज्ञातले वस्त्र स्वतःकडे ठेवणाऱ्या ऋत्विजाचे. राँग साईडला हेच लागू पडते. त्यामागचा हेतू दिसतो: पेट्रोल आणि दोन मिनिटे. अभियंत्याने ती मोजावी, कारण ती खरी आहे. तिला रूढीचा मान मात्र देऊ नये. दुभाजकाला वाट कुठे हवी आहे, एवढी माहिती मात्र त्या मोजणीतून नक्की मिळते.

वाट कुणी कुणाला द्यायची याचे नियमही मनुस्मृतीच्या दुसऱ्या अध्यायात आहेत. गाडीत बसलेला, अतिवृद्ध, आजारी, ओझे वाहणारा, स्त्री, स्नातक, राजा आणि नवरदेव यांना वाट द्यावी. यातले राजे आणि स्नातक आजच्या वाचकाला खटकतील, खटकावेतही. पण आजारी आणि ओझेवाला यांना त्या यादीत जागा आहे. मॉडेलमध्ये वाट आकाराला मिळते, कारण रस्त्यावर ती आकारालाच मिळते: बसला ट्रक जुमानत नाही, बसला ऑटो जुमानतो, ऑटोला दुचाकी आणि दुचाकीला पायी चालणारा. हातगाडी ओढणारा हमाल या उतरंडीत तळाशी असतो. त्याला वर आणणारा आकडा कुठल्याही कॅमेऱ्यातून मिळणार नाही, तो कुणाला तरी ठरवून लिहावा लागेल.

कायद्याने कर्तृत्वाची वाटणी आपल्या पद्धतीने केली आहे. निष्काळजीपणाने मृत्यू घडवल्याबद्दल चालकाला शिक्षा होते. ती कर्त्याच्या वाट्याची. मोटार वाहन कायद्यात 2019 मध्ये दुरुस्ती होऊन कलम 164 नव्या रूपात आले. त्यानुसार मृत्यूबद्दल पाच लाख आणि गंभीर दुखापतीबद्दल अडीच लाख रुपयांची भरपाई चालकाचा दोष सिद्ध न करताही मागता येते. दैवाचा भार एका कुटुंबावर न टाकता विम्यावर टाकण्याची ही रीत आहे. त्याच दुरुस्तीत 198अ हे कलम आले. ठरलेल्या मानकांप्रमाणे रस्ता न आखणाऱ्या, न बांधणाऱ्या किंवा न राखणाऱ्या आणि त्यामुळे मृत्यू किंवा अपंगत्व ओढवणाऱ्या यंत्रणेला, ठेकेदाराला आणि सल्लागाराला त्यात एक लाख रुपयांपर्यंत दंड आहे. अधिष्ठान कायद्याच्या कक्षेत आले ते असे, अगदी स्वस्तात. सिम्युलेशनचा इथे एक सरळ उपयोग होऊ शकतो. स्वार तोच, ट्रॉली तीच, ट्रकचा झोतही तोच ठेवून फक्त साईडपट्टी भरली, किंवा ट्रॉलीमागे परावर्तक लावला, तर किती टकरी टळतात हे एकेक कारण वेगळे काढून पाहता येते. खऱ्या रस्त्यावर पाचही कारणे एकदम येतात आणि न्यायालयात सहसा एकटा चालकच उभा असतो.